इंजेक्टर घरी धुवायचा की नवा घ्यायचा? सेलू तालुक्यातल्या एका ट्रॅक्टरचं प्रकरण

जून लागला की मराठवाड्यात डिझेल पंप आणि नोझलचं काम करणाऱ्यांच्या दारात रांग लागते. उन्हाळाभर नांगरटी, मोगडणी, रोटाव्हेटर यांत रगडलेले ट्रॅक्टर नेमके पेरणीच्या तोंडावर धूर टाकायला लागतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. तेवढा पाऊस होऊन वापसा आला, की मग मात्र चार-पाच दिवसांत सगळं शिवार पेरून काढायचं असतं. त्या दिवसांत ट्रॅक्टर उभा राहिला तर घरची पेरणी मागे पडते आणि भाड्याचं कामही हातचं जातं. म्हणून शेतकरी घाईनं विचारतो, "नोझल साफ करून भागंल का नवेच टाकायचे?"

इंजेक्टर म्हणजे इंजिनाच्या सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, आणि नोझल हे त्याचं टोक. इंजेक्टर न तपासता या प्रश्नाचं उत्तर देणं हा शेतकऱ्यावर अन्याय आहे, असं पंप-नोझलचं काम करणारा मिस्त्री म्हणून मला मनापासून वाटतं. मग ते उत्तर "साफ करा" असो की "नवे टाका". हे प्रकरण सविस्तर मांडायचं कारणही तेच. एकाच इंजिनातल्या तीन इंजेक्टरांचे निकाल वेगवेगळे निघाले, आणि बिघाडाची दोन कारणं तर इंजेक्टरांच्या बाहेरच सापडली.

ट्रॅक्टर आणि तक्रार

ट्रॅक्टर तीन सिलेंडरचा, ४५ एचपीच्या आसपासचा, साध्या मेकॅनिकल पंपाचा, बारा वर्षं वापरलेला. मालक परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातले. घरची काळी कोरडवाहू जमीन, सोयाबीन आणि तूर, आणि गावात भाड्यानं रोटाव्हेटर. फोनवर त्यांनी सांगितलं ते असं: "मिस्त्री, सकाळी चालू करतानी लई सेल मारावा लागायलाय. मग बराच वेळ पांढरा धूर. रोटा लावला की काळा. आन् आतून ठोका येतोय." डिझेलही जास्त लागत होतं.

जवळच्या एका गॅरेजनं ट्रॅक्टर उभ्या-उभ्या बघून तिन्ही इंजेक्टर नवे टाकायला सांगितलं होतं, वर पंपही खोलावा लागेल असं सुचवलं होतं. ऐन पेरणीच्या खर्चात हा आकडा मालकांना झेपणारा नव्हता. पुतण्या पॉलिटेक्निकला शिकतो, सुट्टीत घरी आलेला. त्यानं मोबाईलवर इंजेक्टर घरी साफ करण्याचे व्हिडिओ बघितले आणि काकांना म्हणाला, मी करतो. त्यानं तिन्ही इंजेक्टर काढले, खोलले, धुतले, परत बसवले. ट्रॅक्टर चालू झाला, पण ठोका आधीपेक्षा वाढला आणि ओढ निम्म्यावर आली. तेव्हा मला फोन आला.

मी पुतण्याला फोनवरच एक चाचणी करायला लावली. इंजिन मंद चालू ठेवायचं, इंजेक्टरच्या पाईपाचं नट एकेक करून जरासं ढिलं करायचं, वर फडकं टाकायचं आणि हात बाजूला घ्यायचा. ज्या सिलेंडरचं डिझेल असं तोडल्यावर इंजिन दबतं तो सिलेंडर काम करतोय. डिझेल तोडूनही आवाजात फरक पडत नाही तो सिलेंडर नुसता बसून आहे. आणि तोडल्यावर ठोका थांबला, तर ठोका त्याच इंजेक्टरचा. पोरानं नीट ऐकून सांगितलं: एक नंबरला इंजिन दबतं, दोन नंबरला काहीच फरक नाही, तीन नंबरला ठोका थांबतो. ही चाचणी फुकट आहे आणि कोणताही इंजेक्टर काढायच्या आधी करायची असते. एअर क्लीनर बघणंही त्याआधीचंच. मोगडणीच्या धुरळ्यात तो चोंदला की ट्रॅक्टर काळा धूर टाकतो आणि बिचाऱ्या इंजेक्टरांवर आळ येतो. इथं एअर क्लीनरचं तेल नुकतंच बदललेलं होतं, वाटी स्वच्छ होती.

व्हिडिओ पेट्रोलचा, ट्रॅक्टर डिझेलचा

दुसऱ्या दिवशी दोघं इंजेक्टर घेऊन परभणीला आले. पोरानं व्हिडिओ दाखवला तेव्हा घोळ कळला. तो पेट्रोल कारचा होता. पेट्रोलच्या साध्या इंजेक्शन गाडीत इंधनाचा दाब साधारण ३ बार असतो (बार हे दाब मोजायचं एकक). इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडझाप करणारा एक छोटा वॉल्व. त्याला बॅटरीच्या तारा क्षणभर लावून उघडायचा, मागून कार्ब क्लीनरचा स्प्रे मारायचा, पुढून फवारा कसा पडतो ते बघायचं. काळजी घेतली तर घरी जमणारं काम आहे. १ एप्रिल २०२० ला प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यापासून मोटारसायकलींतही हेच इंजेक्टर आलेत, त्यामुळे गावोगावची पोरं ते करतात आणि बऱ्याचदा गुण येतो.

ट्रॅक्टरच्या डिझेल इंजेक्टरला वीज नाही. पंपाकडून दाबाखाली डिझेल येतं, तो दाब स्प्रिंगच्या ताकदीपेक्षा वाढला की आतली सुई उचलली जाते आणि टोकाच्या बारीक भोकांतून धुकं उडतं. या इंजिनाच्या पुस्तकात तो दाब २२० बार दिलाय. सुई आणि तिची नोझल बॉडी कारखान्यात एकमेकांना घासून जोडी लावलेली असते. दोघींमधली फट दोन-चार मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायची. त्या फटीत वेगळं वंगण नाही, डिझेल हेच वंगण. त्या जागी चुकीचा हात लागला की जोडी गेली.

तरी त्या पोराचं काम नुसतं चुकीचं नव्हतं, हे मी त्याच्या काकांसमोर मुद्दाम सांगितलं. इंजेक्टर ढिला करायच्या आधी त्यानं भोवतालची माती ब्रशनं आणि डिझेलनं काढली होती. उघडे पाईप प्लॅस्टिकच्या पिशवीनं बांधले होते. रोज हेच काम करणारे लोकही हे विसरतात. टोकावरचा काजळीचा थर त्यानं पितळी ब्रशनं काढला होता आणि तोही बरोबरच. स्टीलचा ब्रश भोकांच्या कडा खातो, म्हणून पितळीच हवा. भोकांत सुई किंवा तार घालायचा मोह त्यानं आवरला होता. हेही चांगलं झालं, कारण आत तार तुटली तर ती नोझल तिथंच संपते.

चुका दोन झाल्या. एक, एका सुईच्या टोकावर तांबूस डाग दिसला म्हणून त्यानं तो पॉलिश पेपरनं घासला. दोन, तिन्ही सुया एकाच ताटलीत डिझेलमध्ये भिजत घातल्या. दिसायला तिन्ही सारख्याच. कोणती कुठली हे परत बसवताना कळायला मार्ग नव्हता.

टेस्टरवर

नोझल टेस्टर म्हणजे हातानं दाबायचा दांडा, प्रेशरचं घड्याळ आणि इंजेक्टर अडकवायला पाईप. वीज लागत नाही, संगणक लागत नाही. तालुक्याच्या गावीही पंप-नोझलचं काम करणाऱ्याकडे तो असतो. त्यावर चार गोष्टी बघायच्या: किती दाबाला उघडतो, फवारा कसा पडतो, बंद असताना टोकाला गळतो का, आणि मागच्या वाटेनं किती डिझेल परत जातं.

तिन्ही इंजेक्टर आले तसेच, न खोलता चढवले. आधी आहे त्या स्थितीत बघायचंच, नाहीतर कोणता दोष कुठून आला ते नंतर सांगता येत नाही.

एक नंबर २०८ बारला उघडला. फवारा सगळ्या भोकांतून सारखा, धुक्यासारखा, आणि दांडा भरभर मारला की चांगल्या नोझलचा तो करकर आवाज. उघडण्याच्या दाबाच्या २० बार खाली धरून दहा सेकंद थांबलो. टोक कोरडं.

दोन नंबरला दांडा दाबला तरी काटा नीट चढेना. डिझेल मागच्या वाटेनं भराभर परत येत होतं. पुढून पडली ती नुसती धार. फवारणी पंपाच्या नोझलीची चकती निघाली की जशी पिचकारी बसते, अगदी तशी.

तीन नंबर कधी २३० ला उघडला, कधी २५० च्या पुढे जाऊन एकदम सुटला. म्हणजे सुई अडकत होती. वाढलेल्या ठोक्याचं कारण हेच. डिझेल वेळेवर न सुटता उशिरा, एकदम सुटत होतं.

मग दोन आणि तीन खोलले. सुई तपासायची एक जुनी पद्धत आहे. ती पोराला त्याच्याच हातानं करायला लावली, कारण ती घरीही जमते. सुई आणि बॉडी स्वच्छ डिझेलनं धुवायची. सुईला फक्त मागच्या देठाला धरायचं, घासून बसणाऱ्या चकचकीत भागाला बोट लावायचं नाही. बॉडी तिरपी धरायची, साधारण ४५ अंशात, सुई तिच्या लांबीच्या एक तृतीयांश बाहेर ओढायची आणि सोडायची. ती स्वतःच्या वजनानं सावकाश, न थांबता खाली सरकली पाहिजे. सुई थोडी फिरवून पुन्हा तेच करायचं. तीन नंबरच्या बॉडीत सुई मध्येच थांबली. दोन नंबरच्या बॉडीत ती टपकन पडली, म्हणजे ढिली. सुयांची अदलाबदल केली तेव्हा दोन्ही जशा सरकायला हव्यात तशा सरकल्या. ताटलीत जोड्या बदलल्या होत्या, एवढंच. पोराच्या चेहऱ्यावरचं ओझं तिथं थोडं उतरलं.

पण पुढचं तपासणं राहिलं होतं. घासलेली सुई दोन नंबरची निघाली. भिंगाखाली तिच्या शंकूवर आडव्या ओरखड्यांचं जाळं दिसत होतं. सुई बॉडीत जिथं टेकून डिझेल अडवते ती जागा म्हणजे हा शंकू. जोडी जुळल्यावरही टेस्टरवर टोकाला थेंब जमून खाली पडत राहिला. हा ओरखडा धुऊन जात नाही. तांबूस डाग पाण्यामुळे आलेल्या गंजाचा होता, आणि पॉलिश पेपर लागला नसता तर ती नोझल वाचली असती का, याचं उत्तर आता मिळणार नाही. गंजाचा खड्डा खोल असता तर तशीही गेलीच असती.

तीन नंबरची नोझल जोडी जुळल्यावर २१० ला उघडली, फवारा बरा, करकर आवाजही आला. पण दहा सेकंदांच्या परीक्षेत सातव्या-आठव्या सेकंदाला थेंब सुटला. इथं हात लावलेला नव्हता. सुईचा शंकू जिथं टेकतो ती बैठक वापरानं झिजली होती. सुरुवातीच्या तक्रारीतला सकाळचा पांढरा धूर याच थेंबाचा होता. थंड इंजिनात तो थेंब जळत नाही, वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतो.

मालकांनी विचारलं, "एवढा एक थेंबच हाय ना? हा हंगाम ढकलावा का?" त्यांची अडचण मला कळत होती. तरी मी नको म्हणालो. गळणारी नोझल पिस्टनच्या डोक्यावर ओलं डिझेल टाकत राहते. ते सिलेंडरच्या भिंतीवरचं, म्हणजे लायनरवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. मी त्यांना डिपस्टिकचं विचारलं, तर ते म्हणाले, ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलंय. वरून टाकलं नसताना ऑइल वाढतं ते डिझेल मिसळूनच. असं पातळ ऑइल बेअरिंग आणि लायनर खातं, आणि गळती एकाच जागी धरून राहिली तर पिस्टनला भोकही पडतं. काही शे रुपयांची नोझल वाचवायला जाऊन इंजिन बांधायचा खर्च ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

इथं एक गोष्ट ग्राहकांना फारशी सांगितली जात नाही. "इंजेक्टर बदला" म्हटलं की लोकांना पूर्ण इंजेक्टर डोळ्यांसमोर येतो. मेकॅनिकल इंजेक्टरमध्ये झिजते ती बहुतेक वेळा फक्त नोझल, म्हणजे सुई आणि तिची बॉडी. होल्डर, स्प्रिंग, वरचं डोकं वर्षानुवर्षं टिकतं. अशा ट्रॅक्टरच्या एका नोझलची किंमत सहसा शेकड्यांत असते, होल्डरसकट पूर्ण इंजेक्टरची हजारांत. तेव्हा निकाल असा ठरला: एक नंबर धुऊन आणि दाब जुळवून तोच वापरायचा, दोन आणि तीनला जुन्याच होल्डरमध्ये नव्या नोझल.

तिन्ही नोझल एकदमच बदलाव्यात असं म्हणणारे मिस्त्री आहेत. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. तिन्ही सारख्या असल्या की इंजिन समतोल चालतं. पण चारही परीक्षा पास झालेली नोझल केवळ सोबतच्या दोन गेल्या म्हणून फेकायला मी तयार होत नाही. दाब तिन्हींचा सारखा लावला की समतोल साधतो.

दाब लावायचा तो स्प्रिंगखालच्या शिमनं, म्हणजे पातळ चकतीनं. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी शिम वाढवली तर साधारण १० बार वाढतात, होल्डरप्रमाणे थोडं मागेपुढे. एक नंबरची स्प्रिंग बारा वर्षांत थोडी बसली होती, एका पातळ शिमनं २२० वर आली. नव्या नोझलवाले दोन्ही मुद्दाम थोडे वर लावले, कारण सुरुवातीच्या चालण्यात सगळं जागेवर बसताना दाब जरा उतरतो. हे काम टेस्टरशिवाय होत नाही. घरी स्प्रिंग उघडून अंदाजानं शिम टाकणाऱ्याला दाब कितीवर गेला ते कधीच कळणार नाही.

नोझल घेताना पोरगं म्हणालं, दुकानदार म्हणतो ही पण बसते, दिसायला सेमच आहे. बसली असती, यात शंका नाही. पण नोझलवरचा कोड अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. डीएलएलए आणि पुढं १५० असं लिहिलं असेल तर तो आकडा फवाऱ्याचा कोन असतो. १४० ची नोझलही त्याच होल्डरमध्ये आरामात बसते, पण फवारा पिस्टनच्या वाटीत भलत्या जागी पडतो आणि नव्या नोझलनिशी काळा धूर निघतो. बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या, बाजारात नकली माल आहे. नव्या नोझलला गंज लागू नये म्हणून आतबाहेर लेप दिलेला असतो. तो स्वच्छ डिझेलमध्ये धुऊन काढल्याशिवाय बसवायची नाही.

पोराला मी एका गोष्टीसाठी कडक शब्दांत बजावलं. इंजेक्टर बाहेरच पाईपाला जोडायचा, सेल मारायचा आणि फवारा बघायचा, असे व्हिडिओही फिरतात. तसं करू नका. त्या दाबाची धार कातडी फोडून आत जाते. वरून टाचणी टोचल्याएवढा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि आत मात्र मांस सडायला लागतं. कोणाला असं झालंच तर घरी हळद लावून थांबू नका. ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात न्या आणि डिझेल दाबानं आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. उशिरानं बोट किंवा हात जातो.

हेडमध्ये अडकलेलं वॉशर

इंजेक्टर बसवायला मी सेलूकडं गेलो, कारण मला दोन नंबरचा काळा धूर अजून उलगडला नव्हता. थेंब गळणं आणि सुई अडकणं यांतून पांढरा धूर आणि ठोका समजत होता. पण पोरानं हात लावायच्या आधीपासून लोडवर इतका काळा धूर का? तो म्हणाला होता की काढताना दोन नंबरच्या टोकावरच काजळीचा सर्वात जाड थर होता.

हेडमधल्या भोकांत बॅटरी मारून बघितलं. एक आणि तीन नंबरच्या तळाशी धातूची स्वच्छ बैठक. दोन नंबरच्या तळाशी काळं, गुळगुळीत कडं. बैठकीचाच भाग वाटावा इतकं चपखल. जाड ग्रीस लावून आटे पाडायचा एक आखूड टॅप हलक्या हातानं आत फिरवला, तो त्या कड्यात रुतला आणि कडं वर आलं. काजळी खरवडली तर खाली तांबं. जुनं कॉपर वॉशर होतं ते. कधीतरी कोणीतरी इंजेक्टर काढला, वॉशर आतच चिकटून राहिलं, आणि वर दुसरं टाकून इंजेक्टर बसवला. त्यामुळे नोझलचं टोक दीड-दोन मिलिमीटर वर राहिलं होतं. फवारा वाटीच्या मध्यात न पडता कडेला आणि हेडला लागत होता, अर्धवट जळत होता, काजळी धरत होता.

हे वॉशर आत राहिलं असतं तर पूर्ण नवा इंजेक्टर टाकूनही दोन नंबर काळाच धूर टाकत राहिला असता. मग पंप खोलला गेला असता, तिथंही काही सापडलं नसतं. म्हणून घरी इंजेक्टर काढणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: इंजेक्टरांबरोबर वॉशरंही मोजा. तीन इंजेक्टर निघाले तर तीन वॉशर हातात आले पाहिजेत. बसवताना नवीनच टाका, किंमत अगदी किरकोळ आहे. जुनं दबून कडक झालेलं वॉशर गॅस धरत नाही.

बसवण्याआधी इंजेक्टर बाहेरच ठेवून इंजिन थोडं सेलवर फिरवलं, म्हणजे भोकांत पडलेली काजळी वर उडून गेली. अशा वेळी भोकांवर कोणी वाकायचं नाही. मग इंजेक्टर बसवले, दोन्ही नट थोडे थोडे, आलटून पालटून आवळले. एकाच बाजूनं आवळलं की इंजेक्टर तिरका बसतो. फिल्टरपासून सुरुवात करून पंपापर्यंत डिझेलच्या पाईपांतली एअर काढली, शेवटी पाईपांच्या नटांवर. चेंबरमधलं डिझेल मिसळलेलं ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलला. तिसऱ्या सेलला इंजिन धरलं. ठोका गेला होता. रोटा लावून वावराच्या दोन फेऱ्या मारल्या तेव्हा धूर फक्त वळणावर, रेस वाढवताना, तोही फिका.

पाणी आलं कुठून

सुईवरचा गंजाचा डाग अजून हिशेबात बसायचा होता. फिल्टरखालची पाण्याची वाटी पोरानं स्क्रू फिरवून सोडली, तर पहिलं आलं ते पाणी. मालकांना आठवेना तो स्क्रू कधी उघडला होता.

गावापासून पेट्रोल पंप लांब, म्हणून पेरणीआधी दोनशे लिटरच्या लोखंडी बॅरलमध्ये डिझेल भरून ठेवायची त्यांची पद्धत. ही पद्धत आपल्याकडे घरोघर आहे आणि तिला पर्यायही नाही. बॅरल गोठ्याच्या शेडात, झाकण सैल. बॅरलच्या तळातून नळीनं एक पारदर्शक बाटली भरून ओसरीवर ठेवली. चहा होईपर्यंत बाटलीत स्पष्ट रेघ उमटली होती: वर पिवळसर डिझेल, खाली दोन बोटं पाणी, आणि त्या पाण्यात तळाला बसलेली तांबडी गंजाची भुकटी. अर्धवट भरलेल्या बॅरलमध्ये दिवसा हवा तापते, रात्री गार होते, आतल्या पत्र्याला दव धरतं आणि ते खाली उतरतं. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाला राहतं. आणि डिझेल काढायची नळी नेमकी तळाला टेकवलेली.

त्यांच्या ट्रॅक्टरची टाकी रिकामी करून धुतली, डिझेलनंच, पाण्यानं नव्हे. दोन्ही डिझेल फिल्टर बदलले. बॅरल आता विटांवर किंचित कलता ठेवलाय, नळीचं तोंड तळापासून चार बोटं वर बांधलंय, आणि तळातलं पाणी काढायला कलत्या बाजूला वेगळी नळी. टाकीत ओतताना बारीक जाळीचं फनेल. संध्याकाळी काम संपलं की टाकी भरून ठेवायची, म्हणजे रात्री दव धरायला आत मोकळी जागा उरत नाही. वाटीचा स्क्रू हंगामात दर आठवड्याला.

टाकीत टाकायच्या इंजेक्टर क्लीनरच्या बाटलीबद्दलही मालकांनी विचारलं. चांगल्या कंपनीचं औषध हलकी काजळी आणि चिकटपणा काढतं, नोझल चांगली असताना वापरायला हरकत नाही. झिजलेली बैठक ते भरून काढत नाही आणि गंजाचा खड्डाही बुजवत नाही. रॉकेल, थिनर असलं काही मात्र टाकूच नका. त्यात वंगणाचा गुण नाही, आणि त्या दोन-चार मायक्रॉनच्या फटीला डिझेलशिवाय दुसरं वंगण नाही. पंपात डिझेल दाबणाऱ्या भागाचं, एलिमेंटचंही तेच.

पिकअपला हेच जमेल का

निघताना पोरानं अंगणातल्या पिकअपकडं बोट दाखवलं. तीही सकाळी धूर टाकते, तिचेही इंजेक्टर काढून टेस्टरवर नेऊ का? ती गाडी कॉमन रेलची, म्हणजे एकाच सामायिक नळीत (रेलमध्ये) दाबानं भरलेलं डिझेल सगळ्या इंजेक्टरांना मिळतं. तिथं माझं उत्तर नाही असंच आहे. रेलमधला दाब १६०० बारच्या आसपास आणि काही गाड्यांत त्याहून वर जातो. इंजेक्टर कॉम्प्युटरच्या हुकमावर एका फेऱ्यात अनेकदा उघडतो. त्याची तपासणी हाताच्या दांड्यावर होत नाही, त्याला वेगळं यंत्र लागतं. बऱ्याच गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरवर कोड छापलेला असतो आणि तो गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो. इंजेक्टर बदलून कोड भरला नाही तर नवा इंजेक्टरही धूर टाकतो, ठोकतो. चालू इंजिनात पाईपाचं नट ढिलं करायची जी चाचणी ट्रॅक्टरला केली, ती इथं चुकूनही करायची नाही, जिवावर बेतेल. कॉमन रेलवाल्या मालकानं घरी करायचं ते डिझेल फिल्टर वेळेवर बदलणं, पाणी काढणं आणि स्वच्छ डिझेल भरणं, इथपर्यंतच. पुढचं काम तज्ज्ञ सेंटरचं. नवा इंजेक्टर तिथं पाच आकडी रकमेला जातो, म्हणून तिथंही आधी रिटर्नची, म्हणजे इंजेक्टरमधून मागे परत जाणाऱ्या डिझेलची चाचणी करून घ्या आणि कागदावर रिपोर्ट मागा.

ट्रॅक्टरवाल्यांनीही आता हे बघूनच पाना उचलायला हवा. ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे कडक नियम लागू झालेत, आणि त्यात कॉमन रेल इंजिनं आलीत. इंजेक्टरच्या डोक्यावर वायरचं सॉकेट दिसलं तर तिथं घरगुती सफाई करायची नाही.

खर्च आणि पुढचं

दोन नोझल, तीन कॉपर वॉशर, रिटर्न पाईपाची वॉशरं, दोन डिझेल फिल्टर, ऑइल, ऑइल फिल्टर आणि मजुरी. सगळं मिळून तिन्ही इंजेक्टर नवे घेऊन पंप खोलायच्या खर्चाच्या निम्म्याहून कमीत झालं. त्यातलं ऑइल आणि फिल्टर तसेही बदलायचेच होते. पोराच्या हातून गेलेली नोझल एकच धरता येईल. त्यानं खोललं नसतं तर तीन नंबरची झीज, हेडमधलं वॉशर आणि बॅरलमधलं पाणी यांतलं काहीच बदललं नसतं. काकांनी त्याला बोल लावला नाही, ते बरं केलं.

मृगाचा पाऊस त्या भागात उशिरा झाला, त्यामुळे ट्रॅक्टर वेळेत पेरणीला लागला. ऑइलची पातळी पहिल्या काही दिवसांत रोज बघायला सांगितली होती, ती वाढलेली नाही. एक नंबरची नोझल बारा वर्षांची आहे, आणि ती आज चांगली असली तरी किती दिवस टिकेल हे आत्ताच सांगता येणार नाही. सोयाबीन निघाल्यावर, रब्बीच्या मशागतीआधी, तिन्ही इंजेक्टर पुन्हा टेस्टरवर चढवायचे ठरलंय. काढताना पोरगं घरीच काढून आणणार आहे. प्रत्येक इंजेक्टर वेगळ्या डब्यात, वर नंबर घातलेला, न खोलता.